हळदीकुंकवातल्या कॅप्सूल

मला कुणी चार शब्द सुनावले तर मी आठ परत सुनावते आणि संध्याकाळपर्यंत विसरून जाते. पण माझ्याच तोंडचे शब्द माझ्याच घरच्यांनी माझ्यावर उलटवावेत, याला काय करायचं? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी नलिनी. बडोद्यात जन्मले, नागरवाड्यात वाढले आणि जन्मभर कॉलेजात मुलींना आहारशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर वेळ मिळाला नाही म्हणून सांगते. धाकटा भाऊ जनार्दन, आमचा जनू, रिफायनरीतून रिटायर झाला. तो आणि त्याची बायको कांचन माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी उत्कर्षा. तिचे दुधाचे दात माझ्या घरी पडले, बारावीचं केमिस्ट्री ती माझ्या जेवणाच्या टेबलावर शिकली. पोटच्या पोरीसारखी वगैरे मी कधी म्हटलं नाही. ती माझी होती, झालं.

जानेवारीत ती गळ्यात पडली. "आत्या, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा तू बोल ना. ऑलिव्हवर." औषध कंपनीतली नोकरी सोडून तिनं स्वतःचं काहीतरी सुरू केलं होतं, आरोग्याच्या वस्तूंचं, एवढंच मला माहीत. मी म्हटलं, अगं, तिळगूळ खायला आलेल्या बायकांना ऑलिव्ह कशाला? तर म्हणे, "आपल्या अलकापुरीत घरोघरी ऑलिव्ह ऑइलची बाटली आहे, पण त्यात असतं काय ते कुणालाच ठाऊक नाही." हे मात्र खरं होतं. आमच्यासारख्या मास्तरणीला एवढं पुरतं.

बोलले मी मन लावून. झाडावरचं ताजं ऑलिव्ह तोंडात घालाल तर कारल्याला गोड म्हणाल, इथून सुरुवात केली. तो कडूपणा ज्यामुळे येतो त्याचं नाव ओल्युरोपिन. पानांत ते भरपूर असतं. फळं मिठाच्या पाण्यात मुरवली की बरंचसं निघून जातं, म्हणून बरणीतलं ऑलिव्ह आपल्याला खाववतं. झाड ते स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं, किडे आणि जंतू दूर ठेवायला. प्रयोगशाळेत त्यानं पेशींची हानी आणि सूज कमी झालेली दिसली आहे. पानांच्या अर्काच्या काही छोट्या अभ्यासांत तर माणसांचा रक्तदाबही थोडा उतरलेला दिसला आहे. बायका माना डोलवत होत्या.

मग मी चष्मा काढला आणि दुसरा अर्धा भाग सांगितला, जो माझ्या लेखी खरा. हे अभ्यास लहान आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत. काचेच्या बशीतली पेशी म्हणजे तुमचा नवरा नव्हे. ऑलिव्हचं तेल जेवणात खुशाल वापरा. पण बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क घेऊ नका, आणि गोळी तर बिलकुल सोडू नका. "सोडलीत तर माझ्याकडे रडत येऊ नका," असंही म्हटलं. हशा झाला.

भाषण संपलं आणि मी निघाले. हे मी दरवर्षीच करते. हळदीकुंकवात वाण लुटतात ते सवाष्णींना. माझ्यासारखीच्या पुढे ताट आलं की देणारीची पंचाईत होते, द्यावं की नाही, आणि बाकीच्या उगाच पंख्याकडे बघत बसतात. ती पाळी कुणावर यायला नको म्हणून वाण सुरू व्हायच्या आत मी चपला घालते. तिळगूळ घेतला, "चला, आवजो" म्हटलं आणि घरी आले. त्यामुळे यंदाचं वाण काय होतं ते मला कळलंच नाही. उत्कर्षाला माझी ही सवय लहानपणापासून माहीत आहे.

होळीनंतर एका सकाळी कांचन माझं दार बडवत आली. जनूला चहाचा कप धरता येईना, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, स्कॅन, सगळं झालं. अर्धांगाचा झटका होता, वेळेत आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तरुण गुजराती मुलगा, बोलायला मऊ. त्यानं विचारलं, "काका, बीपीनी गोळी रेग्युलर लो छो ने?"

जनूनं नकाराची मान हलवली.

"केम? कोणे बंध करावी?" कुणाच्या सांगण्यावरून बंद केली, असं तो विचारत होता.

जनूनं डावा हात उचलला, तेवढाच धड होता, आणि माझ्याकडे बोट केलं. "ताईनं सांगितलं," तो म्हणाला. जीभ जड होती, तरी शब्द सगळ्यांना कळले.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. बाहेर येऊन कांचनला कोपऱ्यात घेतलं. "मी कधी सांगितलं गं?"

"तुमचा व्हिडिओ आहे ना, नलूताई," ती खालमानेनं म्हणाली आणि फोन पुढे केला.

त्यात मी होते. कारलं होतं, पानं होती, रक्तदाब उतरलेला होता. चष्मा काढायला माझा हात वर जातो, तिथंच मी संपले. लगेच एक हिरवी बाटली आणि तिच्यावर "नलिनीताईंचा सल्ला". त्यामागून दुसरा व्हिडिओ. त्यात खुद्द जनू, इस्त्रीच्या शर्टात, सांगतोय की आता बीपीची एकही गोळी घेत नाही, फक्त लेकीची ऑलिव्हची कॅप्सूल, आणि एकदम सरस वाटतंय.

"हीच बाटली वाणात दिली होती," कांचन म्हणाली. "तुमचं भाषण झाल्या झाल्या. बायकांना वाटलं, तुम्हीच देताय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय डोकं चालवलं होतं कारटीनं! वाणाला कुणी नको म्हणत नाही आणि घरी नेऊन टाकूनही देत नाही. वाण म्हणून दिलं की पोटात जाणारच.

उत्कर्षा जिना चढून धापा टाकत आली. मी तिचं मनगट धरलं. "माझं अर्धं भाषण कुठं गेलं?"

"आत्या, आत्ता नको ना. बाबा आधी..."

"आत्ताच. कुठं गेलं?"

"एवढा मोठा व्हिडिओ कोण बघतं? सगळेच कापतात. तुझा एक शब्द बदललेला नाही मी. तू बोललीस तेच आहे."

"आणि बाकीचं बोलले ते कुठं आहे?"

ती रडायला लागली. "लोक तुझं ऐकतात गं. माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय? असं होईल हे मला काय माहीत?" एरवी ती रडली की मी विरघळते. त्या दिवशी मला तिची कीव आली नाही. खूप राग आला होता, आणि त्याहून जास्त, सांगायला लाज वाटते, एकटं वाटलं होतं.

मंडळाची अध्यक्ष निरुपमा माझी जुनी मैत्रीण. तिला फोन करून संपूर्ण भाषणाचं रेकॉर्डिंग मागवलं. तिनं ते पाठवलं आणि मग चाचरत म्हणाली, "नलिनी, मीसुद्धा गोळी एक दिवसाआड केलीये. तूच सांगितलंस ना?"

"तू समोर होतीस, निरुपमा!"

"कुठली समोर! मी मागे वाणाची ताटं लावत होते. नंतर व्हिडिओच बघितला. त्या दिवशी न आलेल्या बऱ्याच जणींनीही ग्रुपवर व्हिडिओ बघून गोळ्या सोडल्यात. सगळ्या तुझंच नाव घेतात."

म्हणजे जनू एकटा नव्हता. कुणाच्या घरी उद्या कप हातातून गळून पडेल, आणि ती बाई माझं नाव घेईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनू उशांना टेकून बसला होता. बोलणं बरंच सुधारलं होतं. उत्कर्षा आणि कांचन पायथ्याशी उभ्या होत्या. मी फोन त्याच्या कानाशी नेला. "जनू, मी त्या दिवशी काय म्हटलं होतं ते पूर्ण ऐक."

त्यानं डाव्या हातानं फोन बाजूला केला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी होतो. कांचनला न्यायला आलो होतो. दाराशी उभा राहून... सगळं ऐकलं."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकतंय. "मग गोळ्या का सोडल्यास, शहाण्या?"

"पोरीला व्हिडिओत कुणीतरी हवं होतं. गोळ्या घ्यायच्या आणि घेत नाही म्हणायचं... खोटं नाही बोलवत मला."

अरे वा! गोळ्यांबद्दल खोटं बोलवत नव्हतं त्याला. सख्ख्या बहिणीबद्दल बोलवलं, डॉक्टरसमोर, बोट दाखवून.

"माझं नाव का घेतलंस, जनू?"

"नाहीतर तिच्यावर आलं असतं. तिचं अजून सगळं व्हायचंय. तू सोसशील, ताई. तुला काय, मागंपुढं कोण आहे?"

हे तो मायेनं बोलला. आपण बहिणीचं कौतुकच करतोय, असं त्याला वाटत होतं. मी खाटेची कड घट्ट धरली. आयुष्यभर ज्यांना माझं मागंपुढं समजले, ती तिघंही त्याच खोलीत होती.

"सोसलं असतं रे," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, चिरकू दे. "फक्त माझ्यावर असतं तर तेही सोसलं असतं. निरुपमा गोळी एक दिवसाआड घेतेय. तिलाही सोसायला सांगू?"

उत्कर्षा पुढे आली. "आत्या, ग्रुपवर नको टाकूस. प्लीज. मी हळूच काढून टाकते व्हिडिओ."

"हळूच काढलास तर ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांना कळणार कसं?"

मी तिथंच उभी राहून मंडळाच्या ग्रुपवर बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: "मी नलिनी. माझं भाषण माझ्या भाचीनं, उत्कर्षानं, अर्धं कापलं आहे. पूर्ण खाली पाठवतेय. कुणीही माझ्या नावावर गोळी सोडली असेल तर आज, आत्ता डॉक्टरांना फोन करा. माझा भाऊ गोळ्या सोडून आज हॉस्पिटलात आहे." आणि तो निरोप आणि रेकॉर्डिंग, दोन्ही पाठवून दिलं.

"नलूताई, आमच्या पोरीला गावभर केलंत," कांचन म्हणाली. "आता आमच्या दारात येऊ नका."

उत्कर्षा तोंड दाबून बाहेर निघून गेली. माझा फोन थरथरायला लागला. पहिला निरोप निरुपमाचा होता, डॉक्टरांना फोन लावला म्हणून. पुढचे मी वाचले नाहीत.

तेवढ्यात सिस्टर आली. जनूला आता नीट गिळता येत होतं. तिनं बीपीची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाणी द्या म्हणून मला खूण केली. मी पेला भरला आणि त्याच्या ओठांशी धरला.

त्यानं गोळी जिभेवर ठेवली, मान भिंतीकडे वळवली आणि ती कोरडीच गिळली.