विंगेतली डच

परदेशी, म्हणजे इथे तुमच्याकडे, शिकायला निघाले तेव्हा आईने मला एकच सल्ला दिला होता: लोकांत मिसळ. मी तो इतका मनावर घेतला की महिन्याभरात अर्ध्या वर्गाने माझी धास्ती घेतली.

त्याचं असं झालं. वर्गातली एक मुलगी सहज म्हणाली, कधीतरी ये ना घरी. आम्हा डच माणसांच्या कॅलेंडरात कधीतरी नावाचा वार नसतो. मी तिथल्या तिथे डायरी काढली आणि विचारलं, कधी? ती गडबडली आणि म्हणाली, बघू, रविवारी वगैरे. मी रविवार लिहून घेतला आणि वगैरे सोडून दिलं. रविवारी सकाळी फुलं घेऊन तिच्या दारात उभी राहिले, तर अर्धी दाढी झालेले तिचे वडील दार उघडायला आले. चहा मिळाला, नाही असं नाही, पण मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली मावशी म्हणायची, त्यांनी मला समजावलं की माणसं बोलतात ते सगळं करायचं नसतं. मला काही पटलं नाही. करायचं नाही तर बोलायचं कशाला?

अशा हुशारीने मी हळूहळू एकटी पडले. फार एकटी. शेवटी कॉलेजच्या नाटकमंडळात जाऊन धडकले. परदेशी मुलगी म्हटल्यावर एखादी भूमिका तरी पदरात पडेल, असा माझा हिशेब होता. त्यांनी माझी उंची पाहिली आणि हातात बल्ब दिला. शिडीशिवाय वरच्या दांडीला हात पोचणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. नावही लगेच पडलं: डच.

नाटक लिहिणारा, बसवणारा आणि त्यात मुख्य काम करणारा एकच होता. शेवटच्या वर्षाला होता, सगळे त्याला दादा म्हणत. नाटकात एक मुलगा वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून निघून जातो आणि शेवटच्या प्रवेशात त्यांचा निरोप घ्यायला येतो. दादाच्या वडिलांचं खरोखरच घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते त्याने खरोखरच सोडलं होतं, त्यामुळे अर्थ लावायला कुणाला फारसं डोकं खाजवावं लागलं नाही. तेव्हापासून बापलेकांत 'जेवलास का' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलणं नव्हतं. प्रयोगाला मात्र वडील येणार होते, पहिल्यांदाच. घरी जे बोलता आलं नाही ते दादा स्टेजवरून बोलणार होता. त्याचा सगळा जीव त्या शेवटच्या वाक्यात अडकला होता.

पहिली सलग तालीम झाल्यावर दादाने विचारलं, कसं वाटलं? मोकळेपणाने सांगा. सगळे म्हणाले, छान. मग माझी पाळी आली आणि मी मोकळेपणाने सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पहिला अंक लांबलाय, वडिलांचं काम करणारा बँकेत कुणाला कर्ज नाकारत असल्यासारखा बोलतो, आणि दादा, तू स्वतः शेवटी इतका वेळ थांबतोस की मला माझी बस आठवते. दुसऱ्या दिवशी दादाने मला विंगेत एक खुर्ची दिली, हातात संहिता दिली आणि सांगितलं की आजपासून तू प्रॉम्प्टर. कुणी अडलं की शब्द द्यायचा. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. ही शिक्षा असते, हे कपडेपट सांभाळणाऱ्या ताईने मला नंतर हळूच सांगितलं.

शिक्षा तर शिक्षा, मी ती मन लावून भोगली. कुणी श्वास घ्यायला थांबलं तरी मी शब्द फेकायची. दादाने शेवटच्या प्रवेशात वडिलांसमोर डोळे मिटले रे मिटले की माझा खणखणीत आवाज विंगेतून आलाच. हा पॉज आहे, तो म्हणाला. मग पॉजच्या जागी लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवू या, मी सुचवलं. त्याने कपाळाला हात लावला. पॉज आतून येतो म्हणाला, आणि पुन्हा मध्ये बोललीस तर दारावर तिकिटं फाडायला बसवीन.

मी हादरले. त्या खुर्चीखेरीज तिथे मला बसायला कुणी जागा दिली नव्हती. मग मी ठरवलं की झालं तेवढं पुरे, आता चारचौघांसारखं वागायचं.

प्रयोग दुपारचा होता. दादाचे वडील तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. शेवटचा प्रवेश आला. दादा नाटकातल्या वडिलांसमोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि थांबला. मला वाटलं, आला पॉज. मग त्याचे कान लाल झाले. मान किंचित विंगेकडे वळली. तो विसरला होता. मला स्वच्छ दिसत होतं, वाक्य माझ्या बोटाखाली होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखी गप्प बसले. शेवटी नाटकातल्या वडिलांनीच "बरं, ये मग" म्हणून मुलाला वाटेला लावलं. पडदा पडला, टाळ्याही पडल्या.

आत जो तो दादाला सांगत होता की काय पॉज घेतलास. दादा सरळ माझ्याकडे आला.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"वाईट दिसलं असतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर बसला. "छान म्हणायला तीस जण आहेत गं," तो म्हणाला. "तू तोंडावर बोलतेस, म्हणून तुला तिथे बसवलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यावर एवढा विश्वास कुणी टाकला होता आणि मी त्याला शिक्षा समजत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा निघाला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की दादाचे वडील निघाले. मी संहिता उचलली आणि धावत सुटले.

ते फाटकापाशी पोचले होते. "काका," मी म्हटलं, "तो पॉज नव्हता. तो विसरला. वाक्य असं होतं." आणि मी भर रस्त्यात वाचलं, "बाबा, मी दुकान सोडलं. तुम्हाला नाही सोडलं."

दादा मला अडवायला मागून पळत आला होता, अर्धा रंग तोंडावर तसाच. काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हे तू लिहिलंस?"

दादाने मान डोलावली.

"मग ही का वाचतेय? तू म्हण."

दादाने तोंड उघडलं. कान पुन्हा लाल झाले. कदाचित तो खरंच पॉज असेल, आतून आलेला. मी तपासत बसले नाही.

"बाबा, मी दुकान," मी मोठ्याने शब्द दिला.

"बाबा, मी दुकान सोडलं," दादा म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं.