अदीबच्या नावाचं पाणी

मी एक जुना हातपंप आहे. सुकापूरजवळच्या एका वस्तीत, रस्त्याच्या कडेला उभा. दांडा मारला की मी अशी काही कुरकुर करायचो, की पोरं म्हणायची, "बुढ्ढा जागा झाला!" पण मित्रांनो, पाणी म्हणाल तर गोड आणि गारेगार.

मला इथं बसवलं हव्वाबीनं. तिचा एकुलता एक अदीब कुवेतला नोकरीला गेला आणि तिथंच वारला. त्याच्या नावानं पाण्याची सोय केली, की लोक पितात तोवर त्याला सवाब, म्हणजे पुण्य, पोचत राहतं, ही तिची श्रद्धा. माझ्या ओट्यावर तिनं अदीबचं नाव कोरून घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हाताला धरून थांबवायची. "पी रे बाळा, माझ्या अदीबसाठी दुआ कर." रिक्षावालेसुद्धा सुटायचे नाहीत!

मग नाल्यापलीकडे रसायनाचा कारखाना आला. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही, असा कायदा होता. पण कायदा राहिला कागदावर आणि काळं पाणी गेलं नाल्यात. ते मुरत मुरत माझ्यापर्यंत पोचलं आणि माझ्या पाण्याला वास येऊ लागला. मी सांगणार कसं? कुरकुर तर मी रोजच करायचो!

हव्वाबीला म्हातारपणी वासच येत नव्हता. शेजारच्या शकूला आला. पण हव्वाबीच्या लेकाचं पाणी, त्याला नावं कोण ठेवणार? तिचं मन मोडेल म्हणून शकू गप्प राहिली, सगळी वस्ती गप्प राहिली आणि तेच पाणी पीत राहिली. शेवटी शकूची नात हेतल आजारी पडली. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मग सरकारी खात्याच्या नीता मॅडम आल्या. त्यांनी पाणी तपासलं, कारखाना बंद करायचा हुकूम आणला. वरातीमागून घोडं! मला बंद करायला माणूस पुढं झाला, तशी हव्वाबी मला मिठी मारून बसली.

"माझ्या पोराचं पाणी नका तोडू. सवाब थांबेल त्याचा."

शकू रडत म्हणाली, "हव्वाबी, माजी हेतल याच पाण्यानं आजारी हाय. आमाला वास येत व्हता गं. तुला सांगायला तोंड नाय झालं."

हव्वाबी कितीतरी वेळ त्या नावावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दांडा काढा, मॅडम. माझ्या अदीबच्या नावानं कुणाच्या लेकराला जहर नको."

मित्रांनो, आता मी बिनदांड्याचा उभा आहे. हेतल अजून अंथरुणातच आहे. जमिनीतलं विष कधी जाईल, ते मॅडमनाही सांगता आलं नाही. माझं काळीज तुटतं हो! पाण्याला वास आला तर बोला, कुणाचं मन मोडलं तरी बोला. आणि कारखान्यांची तपासणी वेळेवर व्हावी म्हणून सरकारच्या मागे लागा, कुणी आजारी पडायच्या आधी.

हव्वाबी अजून रोज येते, ओटा पुसते. कुणी तहानलेला सवयीनं माझ्यापाशी थांबला, की ती लगबगीनं आडवी जाते आणि त्याचा हात धरते.

"नको रे बाळा," म्हणते, "इथं पाणी नाही."