एक्केचाळिसाव्या पानावरचा हात

शेजारच्या गावच्या काल्मेतनं अंगठा जिभेला लावला, पुस्तकाचं एक्केचाळिसावं पान काढलं आणि "वाचू?" असं विचारून, कुणी हो म्हणायच्या आत वाचायलाही लागला.

"'होडी वाळूला लागली, पण लेइमाननं पाय खाली टाकला नाही. मागच्या होडीतली बाई लाटेत धडपडत होती. लेइमान वळली. तिनं हात दिला, आणि दोघींचे पाय एकदमच ओल्या वाळूत रुतले.'"

पुस्तक मिटून त्यानं ते तिन्ही पंचांसमोर चटईवर ठेवलं. नाकामालच्या, म्हणजे गावचावडीच्या, छपराखाली दोन गावं समोरासमोर बसली होती. ज्यांच्या मूळ बाईचा पाय आधी टेकला त्यांची एमालूची खाडी, याबद्दल दोन्ही गावांत दुमत नव्हतं. पाय कुणाचा, यावर मात्र चार पिढ्या भांडण चाललं होतं. छापील पुरावा आजवर कुणाकडेच नव्हता. तो गेल्या वर्षी लेइमानच्या गावच्या लेइताऊनं हे पुस्तक लिहून पुरवला, तोही स्वतःच्याच गावाविरुद्ध, आणि त्याबद्दल राजधानीत, विला शहरात, जाऊन बक्षीसही घेऊन आली.

तिची आई शेजारीच बसली होती. खाडीच्या काठानं आईचा कोनफळांचा मळा होता, आणि घरही.

"हे तू लिहिलंस?" मुख्य पंच तारिपोआनं विचारलं.

"हो, काका."

"म्हणजे दोघी एकदम उतरल्या."

"ती गोष्ट आहे, काका."

"गोष्टच ऐकायला बसलोय आपण."

"आमच्या गोष्टीत लेइमान एकटी उतरते, झाड लावते, संपलं. पुस्तकात तेवढ्यावर भागत नाही. वाचणाऱ्याला पुढं काय होतंय अशी धाकधूक लागायला हवी. सुवाच्या विद्यापीठात शिकवलं होतं आम्हाला."

"काय शिकवलं होतं?"

सुवाच्या वर्गात हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. "की गोष्टीतल्या माणसाला काहीतरी हवं असावं. आणि ते सहज मिळू नये."

"लेइमानला खाडी हवी होती, ती सहज मिळाली," तारिपोआ म्हणाला. "चांगलं चाललं होतं की तिचं."

"म्हणून तो हात मी गोष्टीत घातला. माझ्या मनानं."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

कल्पित लेखन आणि खोटं बोलणं यांतल्या फरकावर लेइताऊनं एकदा वीस पानांचा निबंध लिहिला होता. त्यातलं एकही वाक्य इथं उभं राहीना. आई चटईची एक काडी उसवत होती.

"हो," लेइताऊ म्हणाली. "खोटं लिहिलं."

"बक्षीस परत देणार का मग?" काल्मेतनं विचारलं. त्याच्या बाजूला हशा पिकला. तिच्या बाजूच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खाडी वाचली होती, पोरगी तेवढी खोटारडी ठरली होती.

मग तिचा मामा, काल्तापौ, काठी टेकत उठला. गोष्ट त्याची होती. ती त्याला त्याच्या मामाकडून मिळाली होती आणि पुढं लेइताऊकडे जायची होती. जमलेल्या लोकांसमोर गोष्ट मोडली तर सांगणाऱ्याची जीभ सुजते, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. मामानं सुरुवात केली. वारा, दोन होड्या, रात्रभराचा समुद्र, सगळं नेहमीच्या चालीत.

"होडी वाळूला लागली," तो म्हणाला आणि थांबला.

इथं तो नेहमीच दम घेई. आजचा दम लांबला.

"विसरलात का, म्हातारबा?" काल्मेतनं पुस्तक पुढं केलं. "घ्या, यात आहे."

"मला वाचता येत नाही," मामा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आणि माझी भाची खोटं लिहीत नाही." काठीवर त्यानं दुसराही हात ठेवला. "इथं एक तुकडा आहे. तो मामानं मरताना भाच्याच्या कानात सांगायचा असतो. मी अजून मेलो नाही, पण ते जाऊ दे. मागच्या होडीतली बाई लाटेत होती. लेइमान वळली. तिनं हात दिला."

काल्मेत जिंकला होता. तरी त्यानं पुस्तक हळूच पाठीमागं सरकवलं.

खाडीचे दोन भाग करायला पंचांना अर्धा तास पुरला. "मळा कुठल्या भागात येतो?" एवढंच आईनं विचारलं. ते अजून कुणी ठरवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मामानं लेइताऊचं कोपर घट्ट धरलं आणि तिला छपरामागं नेलं.

"तो तुकडा तुला कुणी दिला?"

"कुणी नाही, मामा. खरंच. एक बाई लाटेत धडपडतेय आणि दुसरी नुसती बघत उभी, हे मला पटेना."

कुंपणात कुठून शिरलं ते न कळलेल्या डुकराकडे पाहावं, तसा मामा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"दुसरं लिहितेयस म्हणे."

"निम्मं झालंय."

"कुणाचं?"

"त्या दोघींचंच. वस्ती झाल्यानंतरचं."

कोपरावरची पकड ढिली झाली. काठीच्या आधारानं तो सावकाश एका ओंडक्यावर बसला.

"वाच."

"आत्ता? इथं?"

"इथंच. आणि आवाज खाली ठेव."

तिनं पिशवीतून वही काढली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मामानं डोळे मिटले होते. तिसऱ्या ओळीला तिच्याबरोबर त्याचेही ओठ हलले; त्यानं डोळे उघडले आणि काल्मेत ऐकू जाईल इतका जवळ तर नाही ना, ते मान वळवून पाहिलं.