कॉफीची पुडी

गोदामात त्या सकाळी बकरीची चारशे अठरा कातडी होती. तीनशे नव्वद मिठात नीट मुरलेली, एकोणीस सोलताना सुरी लागून भोकं पडलेली, आणि नऊ अशी, की ज्यांच्याबद्दल रूपाचं मत अजून बनलं नव्हतं. त्यांच्या आतल्या बाजूला फिकट लाल ठिपके होते. डाग मिठाचा असेल तर घासून निघतो; सडण्याची सुरुवात असेल तर निघत नाही.

तिने त्यातलं एक उचललं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि तो उजेडात धरून पाहिला.

"तेवढ्यानं काय होते?" मीठ चोळणारी धनीबाई म्हणाली. "त्या गोऱ्या मॅडमच्या पायात गेल्यावर कोण पाह्यते आतून?"

"तिथंच तर पाह्यतात मावशी. मागच्या गाडीतली अर्धी परत आली."

"मंग आपणबी घरी," धनीबाई म्हणाली आणि पुढचं कातडं ओढून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते. कारंज्याला एका मयतीला आले होते, काम आटोपलं होतं.

"तुही ल्याब पाहून जातो म्हणलं. आईनं भाकर देल्ली हाये."

"तुमी स्टँडवरच थांबा बाबा, मीच येते."

"अवो, पोचलोच की. फॉरेनले माल जाते ते गोदाम म्हणलं, तं ऑटोवाल्यानं बरोबर आणलं."

रूपाने हातातलं कातडं खाली ठेवलं आणि मोरीकडे धावली. फळीवरच्या डब्यातून एक चमचा कॉफीची पूड तळहातावर घेतली, थोडं पाणी घालून कोपरापर्यंत चोळली. साबण, लिंबू, बेसन, चिंच असं सगळं तिने पहिल्याच महिन्यात करून पाहिलं होतं. कातड्याचा वास फक्त कॉफीने जात होता. अर्ध्या चमच्याने नाही, एका चमच्याने.

कॉफी शेटकडूनच यायची. दक्षिणेतल्या त्या शेटचे धंदे दोन, कॉफी आणि कातडं. दोन्ही बोटीने परदेशी जायचं. नोकरी लागली तेव्हा रूपाने घरी सांगितलं होतं, कंपनी कॉफी बाहेर पाठवते, मी माल तपासते. दुसरा शब्द तिने गिळला होता. दिवाळीत मिळालेली पुडी तिने घरी नेली, तर बाबांनी, म्हणजे देवमनने, ती फोडू दिली नाही. काचेच्या कपाटात, बाबासाहेबांच्या फोटोखाली ती उभी होती. आल्यागेल्याला तो दाखवायचा. दर शनिवारी ती घरी गेली, की तिच्या हाताचा वास घेऊन म्हणायचा, "मालाचा वास हाये."

दुसरा शब्द गिळायला कारण होतं. धम्म घेतला त्या साली तिच्या आजोबाने सुरी नाल्यात फेकली आणि गावाला सांगितलं, मेलेलं ढोर आता आमी ओढणार नाही. गावाने वर्षभर त्यांचं दळण बंद ठेवलं, पण त्याने परत सुरी धरली नाही. पुढे देवमन एसटीत कंडक्टर लागला आणि खात्याने चामड्याची बॅग दिली. आजोबा म्हणाला, ते घरात नाही आणायचं. नोकरीभर ती बॅग अंगणात, पाण्याच्या टाक्याजवळच्या खिळ्याला टांगलेली राहिली. म्हातारा गेल्यावरही.

ती बाहेर आली तेव्हा देवमन फाटकात उभा होता. पांढरा शर्ट, कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. पुढे यायला उचललेला पाय त्याने परत जागेवर ठेवला होता.

"हेच का?"

"हो."

"अन् कॉफी?"

"ती इथून जात नाही बाबा. इथून हे जाते."

आतून धनीबाईने पदर सारखा केला. "या ना भाऊ, आत या. पोरगी लय कडक हाये तुमची. थे नाही म्हणली, तं ट्रक हालत नाही."

देवमनने तिच्याकडे पाहिलं नाही. तो रूपाच्या हातांकडे पाहत होता.

"हात लावते?"

"तपासते मी. ओल किती हाये, मीठ किती..."

"मी इचारलं, हात लावते का?"

"लावते."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. 

"मले कोणी ओढून नाही आणलं बाबा," रूपा म्हणाली. "परीक्षा घेऊन घेतलं. इथं मी नाही म्हणू शकते."

"म्हाताऱ्यानंबी नाहीच म्हणलं होतं," देवमन म्हणाला. "त्याच्या नाहीवर शिकली तू."

त्याने पिशवी तिच्याकडे धरली. तिने हात पुढे केला. मग त्याने पिशवी फाटकाच्या भिंतीवर ठेवली, बंद सारखा केला आणि ऑटोवाल्याला थांबायची खूण केली.

रूपा आत आली. ती नऊ कातडी एकेक करून तिने पुन्हा घासली. ठिपके गेले नाहीत.

"नऊही काढा मावशी."

"शेटले काय सांगशील?"

"नाही म्हणून."

शनिवारी सुट्टी मिळाली नाही असं घरी कळवायचं तिने ठरवलं, मग बाबांना आता सगळं ठाऊक आहे हे ध्यानात येऊन गावाकडे जाणारी रिसोडची गाडी पकडली. गावात उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिची आई, भागिरथा, दारात डाळ निवडत होती. देवमन आत बातम्या पाहत होता. आवाज मोठा होता.

"आली का," भागिरथा म्हणाली. ती उठली नाही. "हातपाय धू अन् ये."

रूपा टाक्याकडे वळली. खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. आत कपाटातली पुडी होती. तिचा एक कोपरा कात्रीने सरळ कापलेला, त्यात एक चमचा ठेवलेला. खिळ्याखाली दगडावर नवा टॉवेल घडी करून ठेवला होता.

"कोणी टांगलं, आई?"

"तुह्या बाबानं. मले काही इचारू नको. भात निवते."

तिने एक चमचा पूड तळहातावर घेतली, चोळली, धुतली, हात नाकाशी नेला. मग दुसरा चमचा घेतला. आतून बातम्यांचा आवाज कमी झाला.

त्या दिवशी तीन चमचे लागले.