बैठकीला कोण नाही

आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर काढून स्वाती खडू ठेवते न ठेवते, तोच संस्थेचे सेक्रेटरी कमलाकांतराव नववीच्या वर्गात शिरले आणि बोट नाचवत पोरं उठवू लागले.

“हा ऊठ. ही ऊठ. तू पण. चला, खिचडीच्या शेडमध्ये बसा. पाहुणे गेले की बोलावतो.”

भिका उठला, जिवल्या उठला, पारू उठली. उठवलेली सगळी डोंगरपाड्यांवरची होती, हे कळायला काही नकाशा लागत नव्हता.

“साहेब, यांना का पाठवताय?” स्वातीने विचारलं.

“मॅडम, एमआयडीसीतल्या कंपनीचे पाहुणे येताहेत. सेमी-इंग्लिशचा वर्ग बघून संगणक देणार आहेत. त्यांच्यापुढे ही पोरं मिठाची गुळणी धरून बसली म्हणजे? तशीही दिवाळीनंतर त्यांना मराठी तुकडीतच टाकायचंय.”

“पण आज पारूचं उत्तर आहे.”

“मग दुसऱ्या कुणाला द्या. उत्तर काय कुणाच्या बापाचं असतं?”

स्वातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची आणि त्या कागदावर सही याच गृहस्थांची असायची. ती मूग गिळून उभी राहिली. त्या मुगांचीही तिला चीड आली.

आठवडाभर ती इंग्रजीच्या पुस्तकातला हा एकच धडा शिकवत होती. युरोपातले देश बर्लिनला टेबलाभोवती बसले आणि आफ्रिका कशी वाटून घ्यायची याचे नियम ठरवून मोकळे झाले. पुस्तकातलं इंग्रजी असं अगडबंब, की पोरं त्याच्याकडे परक्या पाहुण्यासारखी बघत बसायची. मग एके दिवशी पारूने विचारलं होतं, “बाई, ज्यांची जमीन हाय त्यांनाच नाय बोलावला?”

त्यावर पुढच्या बाकावरची नलू उसळली होती. नलू किनाऱ्यावरच्या दांडी गावची, घरची बोट असलेली.

“आमच्या गावकीत असा चालत नाय, बाई. बैठकीला आधी विचारतात, कोण नाय आला? त्याचा नाव घ्यायचा, त्याला बोलवायला माणूस धाडायचा. तो येईस्तोवर कोणी बसत नाय. म्हातारेपण उभे.”

स्वातीने पुस्तक मिटलं. टेबलाभोवती वर्ग उभा केला आणि बर्लिनची बैठक दांडीच्या रीतीने भरवली. ‘हू वॉज नॉट इन द रूम?’ एवढा एकच प्रश्न तिने फळ्यावर लिहिला. त्याचं उत्तर पारूने स्वतः जुळवलं, शब्द इकडून तिकडे हलवत, चुकत, पुन्हा हलवत. ‘द पीपल ऑफ आफ्रिका वेअर नॉट इन द रूम.’ पाड्याकडच्या वाटेवर ती ते मोठ्याने म्हणत जायची, असं भिका हसत सांगायचा. पाहुण्यांपुढे ते तिनेच म्हणायचं ठरलं होतं. ते ऐकलं की तिला मराठी तुकडीत टाकायची कुणाची हिंमत होणार नाही, असं स्वातीने तिला सांगितलं होतं. शब्दच दिला होता म्हणा ना.

आता पारू दाराशी जाताजाता नलूच्या बाकापाशी थांबली. “तू बोल,” ती हळूच म्हणाली. “सावकाश बोल, मंग बराबर येतंय.” आणि मागे न बघता शेडकडे गेली.

पाहुणे आले. गुलाबाची फुलं झाली, टाळ्या झाल्या. मधल्या रिकाम्या बाकांवर कमलाकांतरावांनी आठवीतली चार गोरीगोमटी पोरं आणून बसवली होती. कोंबडं झाकून ठेवायची त्यांची हौस दांडगी. पाहुण्यांपैकी एका चष्मेवाल्या साहेबांनी फळ्यावरचा प्रश्न वाचला.

“व्हेरी गुड. हू वॉज नॉट इन द रूम?”

नलू उठली. तिने नकाशाकडे पाहिलं, मग दाराकडे.

“पारू इज नॉट इन द रूम, सर.”

“घाबरली,” कमलाकांतराव हसले. “बाळ, आफ्रिका! आफ्रिका म्हण.”

मागून रूपेश उठला. “भिका इज नॉट इन द रूम, सर.”

“जिवल्या इज नॉट इन द रूम, सर.”

एकेक करत नववीचा सगळा वर्ग उभा राहिला. आठवीतली पोरं बावरून इकडेतिकडे बघू लागली आणि तीही उठली.

“कोण ही पारू?” पाहुण्यांनी मराठीत विचारलं.

“गैरहजर आहे आज,” कमलाकांतराव म्हणाले आणि त्यांनी स्वातीकडे पाहिलं. त्या नजरेत पुढचा जून स्पष्ट दिसत होता. पाहुणेही तिच्याकडेच बघत होते.

“हजर आहे,” स्वाती म्हणाली. “खिचडीच्या शेडमध्ये बसवलंय तिला. या प्रश्नाचं उत्तर तिचं आहे.”

“बरं, बरं,” पाहुणे अवघडून म्हणाले. “बसा मुलांनो.”

कुणीच बसलं नाही.

“बाई,” नलू म्हणाली, “बोलवायला माणूस धाडायचा ना?”

स्वातीने हातावरची खडूची भुकटी पदराला पुसली आणि ती स्वतःच शेडकडे निघाली. मागे कमलाकांतराव दरडावत होते, “सिट डाउन! आय से, सिट डाउन!”

तेवढं इंग्रजी वर्गात सगळ्यांनाच येत होतं.