उन्हातल्या खुर्च्या

तिने किल्लीचं टोक भेगेत खुपसलं. किल्ली निम्मी आत गेली. स्लॅबभर अशा भेगा होत्या आणि त्यांवर घाईघाईने फासलेलं सिमेंट तिच्या पायाखाली भुकटी होऊन उडत होतं. कोपऱ्यात स्लॅबवर ओली करून अंथरायच्या गोणपाटांचा गठ्ठा होता. फोटोपुरती वरची दोन काढून भिजवली होती, बाकीच्यांची सुतळीही सुटली नव्हती.

प्रयोगशाळेत काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब फोडून त्यांची ताकद मोजणं आणि मग बांधकाम पाहून मंजुरीची सही करणं हे तिचं काम. या बालवाडीच्या स्लॅबचे क्यूब अठ्ठावीस दिवस टाकीतल्या पाण्यात राहून पैकीच्या पैकी गुण मिळवून गेले होते. स्लॅबवर मात्र कुणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. त्या लाडावलेल्या क्यूबांच्या जिवावर असला स्लॅब खपवायचा! तिला शिसारी आली. त्यात ठेकेदार तिचा सख्खा भाऊ.

ती खाली उतरली.

“झालं समाधान?” दादा म्हणाला. “सही कर नि मोकळी हो. सोमवारपासून पोरं येतायत.”

“पाणी किती दिवस मारलंस?”

“अगं, लवकर सेट व्हायचं केमिकल घातलं होतं. पाचव्या दिवशी खालच्या आधाराचं सेंट्रिंग काढलं. स्लॅब पडला का?”

“केमिकलने सेट होतं, पण वाळताना आकसायचं थांबत नाही. त्याला पाणीच लागतं. तुला हे मी सांगायचं? बाबांनी कामाच्या पहिल्या दिवशी तुझ्या हातात ओलं पोतंच दिलं होतं.”

“क्यूब पास झालेत ना? आकडे तुझ्याच हातचे आहेत.”

आकडे खरे होते, याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

“चहा तरी घे,” म्हणत त्याने दोन खुर्च्या ओढून मोकळ्या आवारात मांडल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. दहा पावलांवर स्लॅबखाली गार सावली होती.

“सावलीत बसू की.”

“इथंच बरंय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने एक खुर्ची उचलली आणि नेऊन स्लॅबखाली मधोमध ठेवली.

“ये ना, दादा.”

“बाहेर ये आधी!” तो ओरडला. कपातला चहा त्याच्या हातावर सांडला.

ती बाहेर आली. पिशवीतून कागद काढून उभ्याउभ्याच तिने ‘नामंजूर’ लिहिलं आणि खाली सही केली. दादा हात पुसत राहिला.

आत राहिलेली खुर्ची आणायला दोघांपैकी कुणीच गेलं नाही.