तिच्या उंचीचे पॅनल

फिटरने पहिल्या खांबाच्या नटाला पाना लावला, तोच शेताचा मालक पालकाच्या वाफ्यातून धावत आला आणि ठाणकन सौर पॅनलच्या कडेवर आपटला.

“हात लावायचा नाही!” कपाळ चोळत म्हातारा ओरडला. “कुणी बोलावलं तुला?”

फिटर गडबडला. “काका, पॅनल वर घ्यायचेत ना?”

“मुळीच नाही. आहेत तिथेच राहू देत.”

आता या माणसाला काय म्हणावं! वर वीज आणि खाली भाजी, म्हणून शेतात पॅनल बसवले, त्या दिवशी हा नेमका बाजारात गेला होता. भाजी बघणार बायको, म्हणून फिटरने उंचीही तिच्याच मापाने धरली. ती वाफ्यात उभी राहिली, डोक्यावर वीतभर जागा सोडली, झालं काम. ती बुटकी, हा ताडमाड. तेव्हापासून रोज एक टेंगूळ आणि रोज एक भांडण.

“पालक तुझा आणि डोकं माझं फुटतंय,” तो कुरकुरायचा.

“जरा वाकलात तर काही झिजत नाही,” म्हणायची ती. मग गुपचूप त्या कडांना जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळायची. तो वाफ्यात शिरला, की दुसऱ्या टोकावरून हाक यायचीच, “अहो, डोकं!”

आता ती नव्हती. चिंध्या उन्हापावसाने विटल्या होत्या, पण त्याने एकही सोडली नव्हती.

“हे तिच्या मापाचं आहे रे,” तो म्हणाला. “एवढंच तर उरलंय माझ्याकडे.”

फिटरने पाना खाली ठेवला आणि खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं. “काकूंनीच काम सांगितलंय, काका. दवाखान्यात भेटायला गेलो होतो, तेव्हा हे माप दिलं.”

सुतळी म्हाताऱ्याने लगेच ओळखली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने त्याला दाराशी उभं केलं होतं. सरळ उभे राहा, सदरा शिवायचाय. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरायला ती खुर्चीवर चढली, तेवढ्यानेही तिला धाप लागली. “अगं, सदरा शिवतेस की तंबू?” त्याने थट्टा केली होती. ती हसली होती. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. आपल्याला मेल्याला काहीच कळलं नाही.

“आणखी काय म्हणाली?”

फिटर सुतळी उलगडू लागला. “म्हणाल्या, मी आहे तोवर हाक मारते. नंतर यांना कोण सांगणार?”

मग म्हाताऱ्याने हात वर केला आणि पहिल्या चिंधीची गाठ सोडायला घेतली. गाठ पक्की होती. ती सुटल्यावर त्याने चिंधी घडी करून खिशात ठेवली.

फिटरने सुतळी खांबाला लावली. “काका, इथे येऊन सरळ उभे राहा बरं. माप एकदा जुळवून बघतो.”

तो खांबाला पाठ टेकून उभा राहिला. पण हात खिशातल्या चिंधीवर गेला आणि मान काही केल्या वर होईना.